पुंजणे कोणाचे जळाले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया तुम्ही सविस्तर लिहिलीत, तर उत्तरही तसंच देतो. दुसरं महायुद्ध संपल्यावरही फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर जंगलात लढत राहिलेला जपानी अधिकारी हिरू ओनोदा, त्याला मागच्या लेखात मी लुबांगच्या शेतकऱ्यांचा गुन्हेगार म्हटलं, ते तुम्हाला झोंबलं. तुमचं म्हणणं असं की, सैनिकाला हुकूम म्हणजे हुकूम. वरिष्ठ येऊन तो रद्द करेपर्यंत ओनोदा लढला, म्हणून तो वीर. आणि धानाच्या बांधीत चिखल तुडवणाऱ्यानं फौजेच्या शिस्तीवर बोलू नये. तुम्ही फौजेत नोकरी केलेली. शिस्तीबद्दल तुमचं ऐकतो. पण चिखल तुडवणाऱ्यानं काहून बोलू नये?

शिस्त त्याच्यात होतीच, ती मी कुठं नाकारली? डिसेंबर १९४४मध्ये फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर उतरलेला हा अधिकारी मार्च १९७४मध्ये जंगलातून बाहेर आला, तेव्हा त्याची रायफल चालू स्थितीत होती आणि जवळ सुमारे ५०० गोळ्या होत्या. शरण जायचं नाही, जीवही द्यायचा नाही, असा त्याला हुकूम होता. पण त्याच्यासोबत आणखी तिघं होते. त्यांतला युइची आकात्सु १९४९मध्ये वेगळा झाला आणि १९५०मध्ये शरण आला. म्हणजे वाट होती.

खबरही पोचत होती. १९४५च्या अखेरीस विमानातून पत्रकं पडली, त्यांवर त्यांच्याच जनरल यामाशिताचा शरण येण्याचा आदेश छापलेला. १९५२मध्ये घरच्यांची पत्रं आणि फोटो टाकले. ओनोदाच्या लेखी सगळा शत्रूचा डाव. पुढं हाती ट्रान्झिस्टर आला, त्यावर तो आणि त्या तिघांतला कोझुका जपानमधल्या घोड्यांच्या शर्यती ऐकून आपसात पैज लावत. शर्यतीचा निकाल खरा आणि युद्ध संपल्याची बातमी खोटी! आता तो वरिष्ठ. मेजर तानिगुचीनं ९ मार्च १९७४ला जंगलात जाऊन हुकूम वाचला खरा, पण तोवर तो पुस्तकं विकत होता आणि ज्या सेनेचा तो मेजर, ती १९४५मध्येच मोडीत निघाली होती. फौजेच्या नियमानं पाहिलं तर त्या कागदाला किंमत काय, हे तुम्हीच सांगा.

तुमच्या प्रतिक्रियेत लुबांगच्या शेतकऱ्यांबद्दल एक ओळ नाही, आणि माझा राग तिथंच आहे. ऑक्टोबर १९७२मध्ये कोझुका पोलिसांच्या गोळीनं मेला, तेव्हा तो आणि ओनोदा काय करत होते? शेतकऱ्यांनी कापून ठेवलेलं धान पेटवत होते. युद्ध संपून २७ वर्षं झाल्यावर! आपल्या भंडारा-गोंदियात त्याच सुमारास हलकं धान कापणीला येतं, कापलेल्या धानाच्या कडपा वाळतात, मग त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचले जातात. पुंजणे जळाल्याची बातमी आपल्याकडेही अधूनमधून येते. सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, वर्षभराचा भात, सगळं त्या ढिगात असतं. पेटवणाऱ्याला कोणी वीर म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि लुबांगमध्ये नुसतं धान गेलं नाही, बेटावरची तीसेक माणसं मारली गेली असं सांगतात. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोसनं ओनोदाला माफी दिली. मार्कोसचं धान जळालं नव्हतं.

ओनोदा १९९६मध्ये लुबांगला परत गेला आणि तिथल्या शाळेला १०,००० डॉलर दिले, हेही नोंदवतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, लपवलं.

‘देश असा शिपाई विसरत नाही’ हे तुमचं शेवटचं वाक्य. तेरुओ नाकामुराचं नाव ऐकलंय? तोही जपानी सेनेचाच शिपाई. इंडोनेशियातल्या मोरोताई बेटावर डिसेंबर १९७४मध्ये सापडला, म्हणजे ओनोदापेक्षाही नऊ महिने जास्त राहिला. पण तो तैवानचा आदिवासी, साधा शिपाई, आणि तो फौजेत गेला तेव्हा तैवान जपानची वसाहत. म्हणून थकलेला पगार आणि पेन्शन नियमात बसेना. जपानमध्ये ओरड झाली, लोकांनी वर्गणी काढली, तेव्हा कुठं सरकार हललं. १९७९मध्ये तो तैवानमध्ये वारला. त्यानं मोरोताईच्या जंगलात झोपडीभोवती कुंपण घालून छोटंसं शेत केलं होतं. पुढचा लेख त्याच्यावरच लिहितोय, त्यावरही भांडायला या.