पेशी डीएनए मुद्दाम पण तोडते
डीएनए तुटण्यावरचा हा लेख चांगला हाय पण डीएनए तुटला म्हणजे कॅन्सरच असं जे लिहिलंय ते अर्धंच वाटलं मला. आपल्या बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) तर स्वतःहून डीएनए तोडतात की ओ! पहिल्यांदा आयजीएम प्रकारची अँटीबॉडी बनते, नंतर त्याच जंतूवर आयजीजी हा दुसरा प्रकार बनवायचा असतो, मग एआयडी नावाचं एन्झाइम डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल करतं (हे एन्झाइम १९९९ मध्ये जपानात होंजो या शास्त्रज्ञांच्या लॅबमध्ये सापडलं), मग दुसरं एन्झाइम ते युरॅसिल काढून टाकतं, तिथं चिरा पडतात आणि डीएनएच्या दोन्ही पट्ट्या जवळच्या जागी चिरल्या की धागाच तुटतो, असं दोन ठिकाणी होतं. आमच्या वडगावात घरोघरी माग, धागा तुटला की दोन टोकं धरून गाठ मारायची हे लहानपणापासून बघतोय, इथं पण तसंच, कू७०-कू८० ही प्रोटीनची जोडी टोकं धरते आणि लायगेज ४ हे एन्झाइम सांधतं, मधला नको असलेला तुकडा बाहेर जातो. फरक एवढाच की तोडलं पण पेशीनंच. अँटीबॉडीचं जंतू ओळखणारं टोक तेच राहतं, मागचा भाग तेवढा बदलतो, केवढी कमाल हाय बघा.
आता चुकतं पण कधीकधी, ८ नंबरच्या क्रोमोझोमवरचा मिक (पेशींची वाढ चालवणारा) जीन १४ नंबरवरच्या अँटीबॉडी जीनला जाऊन चिकटला की बर्किट लिम्फोमा हा बी पेशींचा कॅन्सर होऊ शकतो, तेवढं लेखातलं बरोबर. पण एआयडीच नसेल तर आयजीएमवरच गाडी अडते आणि पोरं सारखी इन्फेक्शननं आजारी पडतात, हे पण लिहायला पाहिजे होतं.