चार नटांचं काम

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं मीही एके काळी तोंड वर करून म्हणायचो. मग एकदा धक्क्याला लागताना ऐनवेळी वारा पडला आणि मी गप्प झालो. तर त्या डिझेल इंजिनाने यंदा रुसवा धरला, थ्रॉटल कितीही ढकला, वेग वाढेना, नुसता काळा धूर, आणि मागून पाणी कमी नि वाफ जास्त. मी डिझेल फिल्टर बदलला, थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी चक्का, म्हणजे इम्पेलर, नवाकोरा टाकला, पाण्यात उतरून पंखा खरवडला, काही फरक नाही. शेवटी एका जाणत्याने सांगितलं, एल्बो तुंबलाय, चार नट काढायचे, अर्ध्या तासाचं काम आहे. अर्धा तास म्हणणाऱ्या माणसाला आधी जागेवर बसवून ठेवायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एल्बो म्हणजे इंजिनाच्या मागचं लोखंडी कोपर. तापलेला धूर आणि इंजिन थंड करून आलेलं खारं पाणी इथे एकत्र येतात, त्यामुळे धूर निवतो आणि पुढचा रबरी पाइप जळत नाही. डोकं भारी लढवलंय, पण मीठ, काजळी आणि धुरातलं गंधक एकाच नळीत वर्षानुवर्षं संसार करणार म्हटल्यावर व्हायचं तेच होतं.

आधी इंजिनाला थंड करणारं समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद केला आणि इंजिनाची चावी त्याच कॉकच्या दांडीला अडकवली, म्हणजे कॉक उघडल्याशिवाय इंजिन चालू होणारच नाही. हे मी बायकोला दोनदा समजावून सांगितलं, कौतुकच वाटत होतं स्वतःचं.

मग इंजिन बसतं त्या जिन्याखालच्या भोकात डोकं खाली पाय वर. तिथे हात पोचतो तिथे डोळा पोचत नाही, आणि डोळा पोचतो तिथे पाना फिरत नाही. गंजावर तेल मारून रात्रभर ठेवलं होतं, तरी पहिला नट सुटायलाच तासभर गेला. दुसरा आणि तिसरा सुटले. चौथा एकदम हलका फिरला, मी खूश, बाहेर काढून बघतो तर नटासकट अर्धा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ती आट्यांची दांडी, हातात. उरलेला अर्धा ग्रिप पकडीत धरून पाव पाव फेऱ्याने काढण्यात अख्खी दुपार गेली, त्यात नवीन वॉशर बुडाशी साचलेल्या तेलकट पाण्यात पडला, दोरीला चुंबक बांधून सोडला तर वॉशर पडला स्टेनलेसचा, तो चुंबकाला ओळखच देईना.

एल्बो निघाला तेव्हा आत बोट घालून बघितलं, करंगळीसुद्धा अडकली. एवढ्याशा भोकातून बिचारं इंजिन श्वास सोडत होतं आणि मी त्याला शिव्या घालत होतो.

नवा एल्बो, नवं गॅस्केट, स्टडना न चिकटणारी पेस्ट, पाइपाला दोन दोन क्लिपा, सगळं चोख बसवलं. कोपरापर्यंत काळा होऊन वर आलो आणि ओरडलो, चावी दे गं!

तिने दिली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, काय गोड आवाज, धूर नाही की काही नाही.

"अहो, पाणी पण येत नाहीये," मागून ती म्हणाली.

"येईल, थोडा वेळ लागतो."

"आणि ती खाली कॉकला लटकवलीय ती कुठली चावी? मी तर ड्रॉवरमधली दिली."