‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ हे कितपत खरे?

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: तहान लागली म्हणजे उशीर झाला, म्हणून तहानेची वाट न पाहता दर तासाला एक लिटर पाणी प्यावे, त्यात इलेक्ट्रोलाइट पावडर (सोडियमसारख्या क्षारांची पूड) टाकली की जास्त पिण्याचाही धोका राहत नाही.

तहानेवरचा आरोप टिकत नाही. रक्तातील विरघळलेल्या घटकांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढताच मेंदू तहानेची जाणीव करून देतो. दिवसभराच्या राइडमध्ये घटलेल्या वजनात जळून गेलेल्या इंधनाचाही वाटा असतो, त्यामुळे घटलेला प्रत्येक ग्रॅम भरून काढण्याची गरज नसते.

सरसकट एक लिटरचा आकडाही निराधार आहे, कारण शरीरयष्टी, वेग आणि उष्मा यांनुसार घाम तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ साली तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर पिण्यास सांगितले होते, पण २००७ साली त्याच संस्थेने व्यक्तिगणिक प्रमाण ठरवण्यावर भर दिला. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर वजन करून, मध्ये प्यायलेले पाणी हिशेबात धरले, तर आपला आकडा कोणालाही काढता येतो.

खरा धोका पावडरीच्या भरवशात आहे. रक्तात लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम असते, तर नेहमीच्या क्रीडापेयांत ते साधारण २० च्या आसपास; म्हणजे असे पेय अति प्यायले तरी रक्तातील सोडियम विरळच होते. त्यातच दीर्घ श्रमांत व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी रोखून धरायला लावू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी आढळले, आणि शर्यतीत वजन वाढणे हे त्याच्याशी ठळकपणे निगडित होते. सायकलस्वाराची बाटली तर सदैव हाताशी. सावकाश चालवणाऱ्याला घाम कमी येतो आणि पिण्यासाठी वेळ जास्त मिळतो. सोडियम घटल्याने होणारी डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा ही लक्षणे पाहून सोबती पाणी कमी पडले असे समजतात आणि आणखी पाजतात, हे सर्वांत घातक.

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ज्येष्ठ स्वारांनी ठरावीक अंतराने घोट घेणे रास्तच आहे. मात्र राइडनंतर वजन वाढलेले दिसले, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे.