जावईबापूंची शिकार

आमचे भाचेजावई मूळचे कोथरूडचे. कोथरूडात असताना त्यांनी साधं झुरळ मारल्याचंही कुणाला आठवत नाही. आता मात्र ते अमेरिकेत, नॉर्थ डकोटात असतात आणि थंडीच्या तोंडावर बदकं नि रानहंस मारतात. रीतसर मारतात. लायसन्स काढतात, वर पंचवीस डॉलरचं 'डक स्टॅम्प' नावाचं सरकारी तिकीट घेतात (ही पद्धत १९३४ पासूनची), शिशाचे छर्रे वापरत नाहीत, कारण बदकांसाठी ते १९९१ पासून देशभर बंद आहेत, आणि बंदुकीत तीनच्या वर काडतुसं भरत नाहीत. एवढं सगळं करून ताटात काहीतरी पडणार असेल तर मी आपला पिठलं खाईन.

जानेवारीत ते पुण्यात आले आणि पहिल्याच जेवणात म्हणाले, "मामा, इथे बदकांचं काय?"

मी पोळीवर तूप वाढता वाढता १९७२ चा वन्यजीव कायदा समजावला. बंदुकीचं नावही काढायचं नाही. "नो प्रॉब्लेम," ते म्हणाले, "कॅमेऱ्याने करू. पण पद्धतशीर करू." जावयाला नाही म्हणायची सोय आपल्याकडे कुणी ठेवलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. मुक्काम भिगवण, उजनीच्या फुगवट्याचा काठ. अंतर शंभरेक किलोमीटर. त्यातली उमेदीची वर्षं हडपसरात गेली.

पद्धत अशी की, अनोळखी मुलखात आदल्या संध्याकाळी टेहळणी करायची. थवे कुठल्या रानात चरायला उतरतात ते दुर्बिणीतून हेरायचं. ज्या पाण्यावर ते रात्र काढतात तिथे लुडबुड करायची नाही. मग शेतमालकाला गाठून परवानगी मागायची आणि पहाटे अंधारातच त्या रानात वारा पाठीशी घेऊन आडवं पडायचं, कारण हंस वाऱ्याला तोंड देऊन उतरतो. तिकडे म्हणे कापलेल्या गव्हाची रानं नजर पोचेल तिथवर सपाट असतात. इथे डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस आणि समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, गाणी लावलेला ट्रॅक्टर.

शेवटी काठाजवळ हरभऱ्याचं एक रान सापडलं. बांधावर मालक उभे होते. जावईबापू अदबीने म्हणाले, "काका, तुमची जागा जरा बघायची होती."

पुण्याची गाडी, गळ्यात दुर्बीण, तोंडात 'जागा'. पुढचं सगळं आपोआप झालं.

"बघा की! रोडटच हाय. पाणी बारमाही. आत्ताच घेऊन टाका, पुढं परवडायचं न्हाई."

"नाही, आम्हाला फक्त सकाळी दोन तास हवी आहे."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत कीव होती. "एवढा लांबनं आलाय तर निदान पाच गुंठे तरी घ्या," म्हणाले आणि चहा सांगितला. चहासोबत सातबारा आला. परवानगीचं तेवढं राहून गेलं, पण माझा मोबाईल नंबर मात्र त्यांच्याकडे गेला.

पहाटे आम्ही पडलो तरीही. जावईबापू चट्ट्यापट्ट्यांच्या शिकारी पोशाखात, मी बायकोने दिलेल्या शेवाळी स्वेटरात. वारा पाठीवर घ्यायचा, या नियमाचा अर्थ मला कमरेतून कळला. उजाडताच एक शेळ्यावाल्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं वो? चक्कर आली का?" मी काही बोलायच्या आत जावईबापूंनी हंस बोलावण्याची तिकडची शिट्टी वाजवली. ती कॅनडाच्या हंसांच्या बोलीतली. इथे येणारे पट्टकदंब हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडचे. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. वस्तीवरची कुत्री मात्र तातडीने आली.

मग काठावरच्या होडीवाल्या भाऊंनी आम्हाला ताब्यात घेतलं. "झोपलेला माणूस बघितला की उडत्यात ती. होडीत निवांत बसा." निळ्याजर्द होडीतून दहा मिनिटांत त्यांनी चक्रवाक दाखवले, थापट्या दाखवले, काळेकुट्ट वारकरी (हेही पक्षीच) दाखवले. आणि एका वळणावर, म्हशींच्या पायांपाशी गवत खुडणारे पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. सात हजार मीटरच्याही वर उडताना नोंद झालेला हा पक्षी हिमालय ओलांडून येतो आणि भिगवणला म्हशीशेजारी चरतो. जावईबापू फोटो काढायचे विसरले. मीच मोबाईलवर काढला. त्यात म्हैस छान आली आहे.

दुपारी खानावळीत चिलापीचा रस्सा भुरकत असताना माझा फोन वाजला. कालचे मालक. "पुन्यावाल्यांसाठी कमी करतो म्हनावं. फायनल काय ते सांगा." मी जावईबापूंना हे हसत हसत सांगितलं.

ते हसले नाहीत. माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवून म्हणाले, "मामा, एक गुंठा म्हणजे नक्की किती?"

"१०८९ चौरस फूट," मी म्हणालो.

त्यांनी मोबाईल काढून गुणाकार सुरू केला.