“विश्वास खरा असता तर लेकरू बरं झालं असतं” म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका आईचं उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. पहिल्यांदा आला तेव्हा मी गप्प बसले होते, आमच्या लेकीच्या केमोचा पहिला टप्पा, इंडक्शन, चालू होता आणि भांडायला अंगात त्राण नव्हतं. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ख्रिस्ती घरातलं लेकरू मोठ्या आजाराने पडतं ते आईबापाच्या लपवलेल्या पापामुळे नाहीतर पूर्वजांच्या शापामुळे. खऱ्या विश्वासाने मागितलं की देव बरं करतोच, नाही झालं म्हणजे मनात शंका होती. बरं वाटल्यावरही औषधं चालू ठेवणं म्हणजे देवाचं काम नाकारणं. आणि शेवटी जरा गोडीत, घाबरू नका, देव झेपेल तेवढंच ओझं देतो. आमेन लिहा, दहा कुटुंबांना पाठवा.

आमच्या लेकीला एएलएल आहे, म्हणजे ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांच्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आठ वर्षांची आहे. आणि मी प्रार्थना करणारी बाई आहे, चमत्कार होतात असंही मानते, त्यामुळे “ही बाहेरची आहे, हिला काय कळणार” असं म्हणून सुटता येणार नाही.

पहिलं, पापाचं. हा प्रश्न येशूच्या शिष्यांनीच विचारून ठेवलाय, योहान ९ मध्ये. माणूस जन्मापासून आंधळा, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशूचं उत्तर सरळ आहे, याने पण नाही आणि याच्या आईबापाने पण नाही. तरी मेसेजवाले निर्गमातलं, बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते असं वचन काढतात. ठीक, मग यहेज्केल १८ पण काढा ना. लोक म्हण सांगायचे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, आणि देव तिथे म्हणतो की ही म्हण यापुढे बंद, बापाचा अपराध मुलावर येणार नाही. डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील की हाडांच्या आतल्या मज्जेतल्या पेशी सतत विभागत असतात, त्यात एखाद्या पेशीच्या डीएनएत चूक होते, बऱ्याच मुलांमध्ये पहिली चूक जन्माच्या आधीच झालेली असते, आणि नंतर अजून एखादी झाली की आजार उभा राहतो. डाउन सिंड्रोम असेल तर धोका जास्त असतो, पण बहुतेक मुलांमध्ये “यामुळे झालं” असं बोट ठेवायला काहीच सापडत नाही. आईबाप रात्री जागून स्वतःचं सगळं आयुष्य उकरत बसतातच, त्यासाठी कोणाच्या मेसेजची गरज नसते.

दुसरं, कमी विश्वासाचं. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलेल, हे वचन इथे हमखास येतं. पण ते कुठे आलंय बघा, मत्तय १७, झटके येणाऱ्या एका मुलाची गोष्ट. अल्पविश्वासाबद्दल येशू कोणाला बोलला? शिष्यांना! म्हणजे जे बरं करायला गेले होते आणि ज्यांना जमलं नाही त्यांना. बापाला नाही, मुलाला तर नाहीच. उलट मार्काच्या शुभवर्तमानात तो बाप तोंडावर सांगतो की माझा विश्वास आहे पण अविश्वासही आहे, तोच घालवायला मदत करा, आणि एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा होतो. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत येशूने त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास बघितला. मग ज्यांना हे वचन इतकं आवडतं त्यांनी आधी आपला दाणा तपासावा, आजारी घराकडे बोट दाखवण्याआधी. आणि प्रेषित पौल? शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून देवाला तीन वेळा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर मिळालं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, त्याने मिलेत शहरात आजारी सोडलं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे का?

पण मला राग वचनांच्या ओढाताणीचा नाही आला. राग आला तो एका संध्याकाळी. लेक पांघरूण घेऊन गप्प पडून होती, हात लावला तर भट्टी. केमोमध्ये पांढऱ्या पेशी खाली असताना ताप ३८ च्या वर गेला की वाट बघायची नसते, लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं, कारण साधं इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं. दुपारपासून अंगात ताप होता आणि तिने सांगितलं नव्हतं. का, तर माझ्या फोनवर तिने तो मेसेज वाचला होता. ताप आला असं सांगितलं तर आपला विश्वास कमी आहे असं होईल, आणि सगळे एवढी प्रार्थना करतायत. हे तिने मला कॅज्युअल्टीत सांगितलं. पाच दिवस अ‍ॅडमिट होतो. त्या मेसेजने कोणाचं काय वाकडं होतं असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

तिसरं, औषध बंद करायचं, आणि हा मुद्दा सगळ्यात घातक आहे कारण तो दिसायला खरा वाटतो. एएलएलमध्ये पहिले साधारण चार आठवडे इंडक्शन असतं आणि त्यानंतर बहुतेक सगळी मुलं, शंभरात पंचाण्णवच्या वर, रेमिशनमध्ये जातात, म्हणजे आजार तपासणीत दिसेनासा होतो. मायक्रोस्कोपखाली मज्जा साफ, गालावर रंग, पोर पळायला लागतं. देवाने बरं केलं अशी सगळ्यांसमोर साक्ष द्यायचा मोह कोणाला होणार नाही? मी पण दिली, उभं राहून, रडत, आणि देवाचे आभार मानलेले चुकीचे नव्हतेच. पण सुरुवातीला अंगात अंदाजे एक लाख कोटी खराब पेशी असतात आणि रेमिशन म्हटलं तरी त्यातल्या हजार कोटीपर्यंत उरलेल्या असू शकतात, साध्या तपासणीत दिसत नाहीत इतकंच. म्हणून पुढे दोन ते तीन वर्षं उपचार चालतात, रोज रात्रीची मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्याला मेथोट्रेक्सेट, मधेमधे पाठीतून इंजेक्शन. हे अंदाजावर ठरलेलं नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं तेव्हा मुलं खरंच उठून बसली होती, पण ती सुधारणा तात्पुरती ठरली, आजार परतला. “बरं झालं” आणि “बरं दिसतंय” यातला फरक त्या मुलांनी शिकवलाय. आज चांगले उपचार पूर्ण मिळाले तर दहातली नऊच्या आसपास मुलं वाचतात, पण त्यात “पूर्ण” हा शब्द आहे.

“देवावर सोडा” म्हणून उपचार न दिलेल्या मुलांचं काय होतं हेही तपासून झालंय. अमेरिकेतल्या अशा १७२ मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास १९९८ मध्ये पीडिअ‍ॅट्रिक्स या जर्नलमध्ये आला, १९७५ ते १९९५ मधल्या. त्यातल्या १४० मुलांचे आजार असे होते की औषधपाणी मिळालं असतं तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर होती. १४० लेकरं. आणि त्यांच्या घरांतही प्रार्थना मनापासूनच झाल्या असतील.

शास्त्रात औषधाला विरोध कुठाय? हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचं पोटीस लावायला यशया संदेष्ट्यानेच सांगितलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून पौल लिहितो, लूकला प्रिय वैद्य म्हणतो. याकोब ५ मध्ये वडिलांना बोलवा, तेल लावा आहे, पण वैद्याला घालवा असं कुठेही नाही. आमचे पाळक येतात तेव्हा आधी हात धुतात, नर्सला विचारतात की लाइनच्या, म्हणजे औषधाच्या नळीच्या, जवळ तेल चालेल का, ती नाही म्हणते, मग कपाळावर लावतात. दोघांचंही काम होतं. (स्टेरॉइडच्या आठवड्यात लेक चिडून किंचाळते, तर एका प्रार्थनावाल्या काकांनी त्याला दुष्टात्मा म्हटलं. डेक्सामेथासोन, म्हणजे तेच स्टेरॉइड, आहे ते काका, डोस संपला की उतरतं.)

आणि प्रार्थना विरुद्ध हॉस्पिटल अशी जोडी लावणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेम्फिसचं सेंट ज्यूड हे मुलांचं हॉस्पिटल बघावं. डॅनी थॉमस नावाच्या कॅथलिक कलाकाराने प्रार्थनेत केलेला नवस म्हणून ते उभं राहिलं, १९६२ ला उघडलं, आणि एएलएलवरचे आजचे उपचार घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

चौथं, झेपेल तेवढंच ओझं. हे १ करिंथ १० मधून उचललंय, आणि आपल्या मराठीत तिथे “परीक्षा” शब्द असल्यामुळे घोळ होतो. पुढचं मागचं वाचा, विषय मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर, म्हणजे मोहाचा आहे, कॅन्सरचा नाही. ओझ्याबद्दल पौल करिंथकरांच्याच दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहितो की आमच्या शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याची पण आशा उरली नव्हती. नाही झेपत हो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आमेन पण नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. काही दिवस मी तेवढंच वाचलंय.

लेकरं, घरदार, तब्येत सगळं गेलेल्या ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर चांगलं चाललं होतं. तोंड उघडलं आणि मग पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

ज्या मावशींनी मला तो मेसेज पाठवला त्यांना मी फोन केला, ताप प्रकरणानंतर, आणि जरा जास्तच बोलले. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, अगं मग आम्ही करायचं तरी काय? मी म्हटलं, क्लिनिकच्या दिवशी धाकट्याला शाळेतून आणायला कोणी नसतं. तेव्हापासून मावशीच आणतात त्याला, एकदाही चुकलं नाही. मेसेज बरोबरच होता असं त्यांचं अजून म्हणणं आहे.