संत्र्याचा संबंध फक्त रंगापुरता

परवा रात्री इथल्याच, इंदूरच्या रामबागेतून मामांचा फोन. "अगं, रविवारी उघडलीस ती संत्र्याची बाटली, उरलीय का त्यातली? शुगरला चांगली असते म्हणे." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड हजर: ऑरेंज वाइन संत्र्यांची बनते, व्हिटॅमिन सी भरपूर. ८००० वर्षं जुनं औषध. केमिकल नाही, म्हणून डोकं धरत नाही. रोज रात्री एक ग्लास घ्या, शुगरची गोळी विसरा. खाली जोडलेले हात.

बाटली माझ्या घरातली, म्हणून उत्तरही मलाच द्यावं लागतंय. भाची जॉर्जिया देशात, तिबिलिसीला एमबीबीएस करते, ती सुट्टीत येताना घेऊन आली. जॉर्जियाची आहे, नागपूरची नव्हे.

संत्रं त्यात औषधालाही नसतं. पांढऱ्या वाइनची द्राक्षं पिळून सालं एरवी लगेच बाजूला काढतात. इथे रस सालांसकट, बियांसकट आंबवतात, कधी काही दिवस, कधी पाच-सहा महिने. रंग आणि तुरटपणा सालांतून उतरतो. 'ऑरेंज' हे नाव २००४च्या सुमारास डेव्हिड हार्वी नावाच्या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने रूढ केलं. जॉर्जियात तिला अंबर रंगाची म्हणतात. तेच नाव इथे आलं असतं तर कुणीतरी त्यात केशर घातलं असतं.

८००० वर्षं? बरं, हे मान्य. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे अंश मिळाले, इसवी सनपूर्व ६०००च्या आसपासचे. २०१७ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. क्वेव्री म्हणजे तिथला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण. त्यात वाइन करण्याची रीत २०१३पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. पण ती यादी वारशाची आहे, औषधांची नाही. आणि जुनं ते औषध म्हणायचं तर तंबाखूही काही कालची नाही.

केमिकलचं एका ओळीत: वाइन टिकवायला घालतात ते सल्फाइट थोडं तरी आंबताना आपोआपच तयार होतं, आणि डोकं धरायला अल्कोहोल एकटं पुरेसं आहे.

आता शुगर. माझा राग इथे आहे. यातली बहुतेक वाइन कोरडी असते, म्हणजे साखर फारशी उरलेली नसते. एवढं अर्धसत्य कुणीतरी उचललं आणि त्याची गोळी केली. साखर नसली तरी अल्कोहोल असतं, साधारण बारा टक्के. पोट रिकामं असताना, रात्री झोपेत, रक्तातली साखर लिव्हर सांभाळतं. अल्कोहोल आलं की लिव्हर आधी त्याच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवणं मंदावतं. मामा रात्री इन्सुलिन घेतात. इन्सुलिन साखर उतरवणार आणि लिव्हर भर घालणार नाही, म्हणजे पहाटे तीनला साखर धाडकन खाली. घाम, अडखळतं बोलणं, गेलेला तोल. मामी म्हणतील, चढलीय, झोपू दे. आणि कुणी फॉरवर्डचं ऐकून खरंच गोळी किंवा इन्सुलिन सोडलं, तर साखर वर. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्वच्छ सांगितलं आहे: दारूचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. यात ऑरेंज वाइनला सूट दिलेली मला तरी दिसली नाही.

मी स्वतः पिते, आवडीने पिते. पहिला घोट घेतला तेव्हा बाटली बिघडली असंच वाटलं. गार झालेल्या कोऱ्या चहाचा तुरटपणा, सुक्या जर्दाळूचा वास. फ्रीजमधून काढल्याबरोबर प्यायली तर नुसती कडवट लागते; अर्धा तास बाहेर ठेवली की खुलते. रविवारी गरम गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, लिंबू पिळून, जिरावण मसाला भुरभुरून तिच्याबरोबर खाल्लं, आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीत हे कुणाला कसं सुचलं नाही असं वाटलं. पण ती चव आहे, उपचार नव्हे.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "मग नुसती संत्री खाल्ली तर?"

खा, एखादं. रस काढून नको.