मूल्यमापन नेमके कोणत्या निर्णयासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि दुसऱ्या वाचनात तिच्यातला राग मला अधिक रास्त वाटला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे दर आठवड्याला स्वयंसेवक पाठवणाऱ्या उपक्रमाचे मूल्यमापन कसे आखावे, यावरच्या माझ्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. तीन पगारी कार्यकर्त्यांच्या संस्थेला हा खटाटोप परवडत नाही. जिव्हाळा प्रश्नावलीत मावत नाही. ज्यांच्यासाठी काम चालते ती माणसेच ‘बरं वाटतं’ म्हणत असताना आणखी पुरावा कशाला. आणि तुलनागट ठेवणे, म्हणजे फरक पाहण्यासाठी काही जणांना मदतीविना ठेवणे, हे गरजूंना मुद्दाम ताटकळत ठेवणेच. यांपैकी पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा बऱ्याच अंशी आणि चौथा अर्धा. तिसरा मात्र अजिबात मान्य नाही, आणि उत्तर लांबले आहे ते मुख्यतः त्याच्यामुळे.

खर्चाबद्दल आधी माझी चूक कबूल करतो. लेखात मी २८ प्रश्नांचा नमुना दिला होता. एका प्रश्नाला एक मिनिट धरले, तरी आपल्या ६० वृद्धांकडून वर्षातून दोनदा उत्तरे घ्यायला ५६ तास लागतील, आणि भेट तासाभराची धरली तर तेवढ्या वेळात ५६ भेटी होतात. इतकी किंमत मोजून हाती काय येणार, हे मी लेखात सांगितलेच नव्हते. देणगीदाराच्या अहवालात एक तक्ता भरण्यापलीकडे त्या उत्तरांचा उपयोग होणार नसेल, तर तो तक्ता भेटींच्या नोंदवहीतून भरावा आणि मूल्यमापनाच्या फंदात पडू नये, असे माझे आज स्पष्ट मत आहे. मूल्यमापनाची आखणी प्रश्नावलीपासून सुरू होत नाही. येत्या वर्षात संस्थेला कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि कोणती माहिती हाती आली तर तो बदलू शकेल, या प्रश्नापासून ती सुरू होते. काहीही कळले तरी निर्णय तोच राहणार असेल, तर माहिती गोळा करण्याचे कारणच उरत नाही.

आता तिसरा आक्षेप. लाभार्थी समाधानी आहेत एवढ्यावरून उपक्रम उपयोगी ठरत नाही, हे दाखवणारे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले आहे. केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली मुलांसाठी एक आधार-उपक्रम सुरू झाला. एकूण ५०६ मुलांच्या सारख्यास सारख्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतला एक मुलगा नाणेफेकीने उपक्रमात घेतला गेला. समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा घरी जात, अभ्यासात मदत करत, वैद्यकीय उपचार मिळवून देत, उन्हाळी शिबिरांना पाठवत, आणि हे सरासरी पाच वर्षे चालले. तीस वर्षांनंतर गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी ही मुले, म्हणजे आता मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढली आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपक्रमातल्या ज्यांनी उत्तरे दिली, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी आपल्याला फायदा झाल्याचे सांगितले. काहींना आपले समुपदेशक नावानिशी आठवत होते. मात्र न्यायालयीन आणि वैद्यकीय नोंदी पाहता, पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, ताणाशी संबंधित आजार अशा अनेक बाबतींत जोडीतली उपक्रमाबाहेर राहिलेली मुलेच बरी निघाली.

यावर ‘म्हणजे मदत करूच नये का?’ असे आपण विचाराल. पुढच्या विश्लेषणात नुकसान मुख्यतः उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवलेल्या मुलांमध्ये एकवटलेले दिसले. एकमेकांच्या संगतीचा परिणाम, असा त्याचा अर्थ लावला गेला. दोष जिव्हाळ्यात नव्हता, उपक्रमाच्या एका भागात होता, आणि तो कृतज्ञ माणसांच्या आठवणींतून कधीच कळला नसता.

माणसे खोटे बोलतात असे मला म्हणायचे नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका उपक्रमात मी स्वयंसेविकेबरोबर एका आजींकडे गेलो होतो. आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली वापरत होतो. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, अशा विधानांना ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरजेला चारने गुणून १०० पैकी गुण काढायचे, अशी तिची पद्धत आहे. आजींनी पहिले विधान नीट ऐकून घेतले, कागदाकडे न पाहता त्या मुलीकडे पाहिले आणि विचारले, “कितीवर खूण केली, की तुझं येणं चालू राहील?” मुलगी गोंधळली. कमी गुण दिले तर गरज आहे म्हणून भेटी चालू राहतील, की जास्त दिले तर उपयोग होतो म्हणून, हे आजींना कळत नव्हते आणि खरे तर आम्हालाही ठाऊक नव्हते. त्या दिवसाचा कागद मी मोजणीत धरला नाही. जी व्यक्ती मदत करते तिनेच उत्तरे विचारू नयेत, आणि उत्तर काहीही असले किंवा दिलेच नाही तरी सेवेत फरक पडणार नाही हे आधी सांगावे, हे दोन्ही मी तोवर केवळ वाचलेले होते.

आपला दुसरा आक्षेप इथे खरा ठरतो, हेही सांगायला हवे. त्या आजींच्या प्रश्नात जे होते ते पाच विधानांत मावणारे नव्हतेच. म्हणून अशा प्रसंगांची टिपणे ठेवावीत, आकडे त्यांच्या जोडीला असावेत.

सुरुवातीला आणि वर्षअखेर गुण मोजून फरक काढावा, असेही मी लेखात सुचवले होते. त्यातली फसगत तिथे पुरेशी स्पष्ट केली नव्हती. माणूस नाव नोंदवतो तो बहुधा सर्वांत वाईट दिवसांत, जोडीदार गेल्यावर किंवा दुखण्यातून उठल्यावर, आणि अशा टोकावरून बरेच जण कोणतीही मदत नसतानाही थोडे सावरतात. उलट ऐंशीच्या पुढचा माणूस वर्षभरात ढासळणे स्वाभाविक असते, त्यामुळे गुण जसेच्या तसे राहिले तर तेही उपक्रमाचे यश असू शकते. तुलना नसेल तर या दोन्ही शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

तरीही आपल्या संस्थेने मदतीविना राहणारा तुलनागट ठेवू नये. ६० पैकी ३० जणांच्या दोन गटांत फरक फार मोठा असेल तरच तो ठळक दिसतो, आणि एवढ्या धूसर उत्तरासाठी कुणाला वर्षभर थांबवणे योग्य नाही. जिथे अर्जदार स्वयंसेवकांहून जास्त असतात आणि कुणाला तरी थांबावेच लागते, तिथे चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवणे मला वशिल्यापेक्षा न्याय्य वाटते. पण आपल्याकडे प्रतीक्षायादी नाही, तेव्हा तो मुद्दा इथेच सोडतो.

आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा भाग मला तिच्या शेवटी, जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांत सापडला. अधिक वृद्धांपर्यंत पोहोचण्यासाठी साप्ताहिक भेटी पंधरवड्याने कराव्यात का, यावर आपल्या कार्यकारिणीत मतभेद आहेत. आणि गेल्या वर्षी १४ जणांनी भेटी थांबवल्या, ‘कारणे घरगुती होती’. मी वर जो निर्णय म्हणतो तो हाच. नव्याने येणाऱ्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठीने साप्ताहिक आणि निम्म्यांना पाक्षिक भेटी द्याव्यात. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत किती जण टिकले, किती भेटी ठरल्याप्रमाणे झाल्या, आणि भेटीखेरीज आठवड्यात कुणाशी बोलणे झाले, एवढेच पाहावे. एवढ्या संख्येतून काही सिद्ध होणार नाही, परंतु पाक्षिक गट भराभर गळू लागला तर कार्यकारिणीला ते दिसेल, आणि या आखणीत कुणीही मदतीविना राहणार नाही.

त्या १४ जणांचे काम मात्र त्याच्याही आधी हाती घ्यावे. जे आजही दार उघडतात त्यांचे समाधान आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी येऊ नका म्हटले त्यांचे म्हणणे कुणी विचारले आहे, असे आपल्या प्रतिक्रियेवरून दिसत नाही. भेटींशी संबंध नसलेल्या कुणीतरी त्यांना फोन करावा, उत्तर देणे ऐच्छिक आहे हे सांगावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: भेटी थांबवाव्यात असे पहिल्यांदा केव्हा वाटले, आणि त्याआधीच्या भेटीत काय झाले होते? याला दोन दुपारी पुरतील. २८ प्रश्नांचा तो नमुना मी लेखातून आज काढून टाकत आहे.